समोरचा चुकणार हे धरूनच गाडी चालवा

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मृत्युमुखी पडली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ही नोंद आहे. अपघातात सापडणाऱ्यांत बेदरकार चालवणारे असतात, तशीच आपल्या बाजूने, आपल्या वेगात, सिग्नल पाळून चाललेली माणसंही असतात. "माझी काहीच चूक नव्हती" हे पंचनाम्यात आणि विम्याच्या दाव्यात उपयोगी पडतं. धडक टाळायला त्याचा काही उपयोग नाही.

धडक टळते ती जागेमुळे. दुसऱ्याने चूक केली त्या क्षणी त्याच्या आणि तुमच्या मध्ये किती मीटर आणि किती सेकंद शिल्लक होते, यावर सगळं ठरतं. म्हणून डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्याची चूक धरूनच गाडी चालवण्यात, मी दोनच गोष्टी मुख्य मानतो: पुढे, मागे, बाजूला जागा राखून ठेवायची, आणि ती जागा कोण खाणार आहे हे आधी ओळखायचं. पुढचं सगळं चारचाकी चालवणाऱ्यांसाठी आणि महाराष्ट्रातले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. लायसन्स हातात आहे, पण हायवेवर, घाटात किंवा रात्री गाडी काढायची म्हटलं की अजून धाकधूक होते, अशांना त्याचा जास्त उपयोग व्हावा.

गाडी हलण्यापूर्वी

आधी बसणं नीट करा. ब्रेक आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकवून हात पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. यापेक्षा लांब बसलात तर घाईच्या वेळी ब्रेकवर पूर्ण जोर लागत नाही, आणि फार जवळ बसलात तर एअरबॅग छातीच्या अगदी समोर येते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाइतकी उंच हवी. मागून धडक बसली की मानेला आधार तोच देतो, पण तो खाली दाबूनच ठेवलेला असतो.

आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसावी. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतके ते बाहेर वळवा. तरीही दरवाजाच्या मागच्या बाजूला एक पट्टा उरतोच, आणि नेमकी तिथे एक अख्खी मोटरसायकल मावते. लेन बदलताना आरसा बघून झाल्यावर मान वळवून एक नजर टाकायची. याला पर्याय नाही.

सीटबेल्ट मागच्यांनीही लावायचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते आणि ते दोघंही गेले, पुढचे दोघं वाचले. गाडी मोठी आणि भक्कम होती, पण बेल्ट नसलेला माणूस गाडीच्या आत त्याच वेगाने पुढे फेकला जातो. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर बंदच करा. धडकेत कुणाच्याही हातांना ते बाळ धरून ठेवता येत नाही.

निघण्याआधी पायापाशी बघा. सुटी पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊन अडकली, तर ब्रेक दाबलाच जात नाही. बाटली दरवाजाच्या कप्प्यात ठेवा. मॅटवर दुसरी मॅट टाकली असेल तर काढा.

टायर थंड असताना हवा तपासा. किती हवा हवी हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की तो कायद्यानेच बाद. पावसाळ्याच्या तोंडावर मी तर त्याच्या आधीच बदलायला सांगेन. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी फिरली म्हणून टायर नवा राहत नाही, रबर उन्हाने कडक होतंच. सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे चार आकडे आवर्जून वाचावेत.

आणि समोरची काच आतून पुसा. आत धुरकट थर बसतो, दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरून लाइट आला की सगळी काच पांढरी होते.

अंतर: सगळ्यात आधी हेच शिका

६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, १०० च्या वेगात २८ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण दीड सेकंद जातो, आणि तेवढ्या वेळात गाडी त्याच वेगाने पुढे जात असते. हे धरून कोरड्या रस्त्यावर ६० ला गाडी पूर्ण थांबायला साधारण ४५ मीटर लागतात, ८० ला ७० च्या आसपास आणि १०० ला शंभरेक मीटर. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर १०० ला हाच आकडा दीडशेच्या घरात जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, हे लक्षात ठेवा. ८० वरून १०० ला जाणं स्पीडोमीटरवर बोटभर वाटतं, रस्त्यावर ते सात-आठ गाड्यांच्या लांबीइतकं असतं.

चालत्या गाडीत मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजायचे. पुढची गाडी एखादा खांब, पुलाचा कठडा किंवा रस्त्यावरचा डाग ओलांडते तेव्हा मनात सुरू करा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तुम्ही तिथे पोचेपर्यंत एकशे तीन पूर्ण झालं पाहिजे. आधी पोचलात तर जवळ आहात, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला. पावसात, रात्री किंवा पुढे मोठी गाडी असताना चार ते पाच सेकंद ठेवा.

यावर नेहमीचं म्हणणं असतं की आपल्याकडे अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतो. घुसतो, खरंच घुसतो. घुसू द्या. पाय उचलून पुन्हा तीन सेकंद मागे या. एक गाडी मध्ये आली की तुम्ही तीन सेकंद मागे पडता. पुण्याहून कोल्हापूरला जाताना वीस गाड्या घुसल्या तर एक मिनिट गेलं. तीन-चार तासांच्या प्रवासात तेवढ्याने काही बिघडत नाही.

मागचा अगदी बंपरला चिकटून लाइट मारत असेल, तर त्याला धडा शिकवायला ब्रेक मारू नका आणि वेगही वाढवू नका. अशा वेळी तुमच्या पुढची जागा वाढवा. पुढे काही झालं तर तुम्हाला हळूहळू थांबता येईल, आणि तुम्ही हळू थांबलात की मागच्यालाही थांबायला वेळ मिळेल. मग डावीकडे सोय होताच त्याला जाऊ द्या.

बाजूची जागा मात्र बहुतेक जण विसरतात. अमेरिकेत हॅरॉल्ड स्मिथ यांनी १९५२ मध्ये व्यावसायिक चालकांना शिकवायला सुरुवात केली. त्यांच्या पाच सूत्रांपैकी एक होतं: निसटायला वाट ठेवा. मल्टिलेन रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या आणि पुढे ट्रक अशा कोंडाळ्यात राहू नका. थोडं पुढे किंवा थोडं मागे होऊन निदान एक बाजू मोकळी ठेवा. कंटेनरच्या शेजारी त्याच्याच वेगाने चालत राहणं तर सगळ्यात वाईट. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सिग्नलला उभं राहतानाही पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर सोडा. ती बंद पडली तर तुम्हाला बाजूने निघता येतं, चढावर ती मागे आली तर ठोकत नाही. रांगेचं शेवटचं टोक तुम्ही असाल तर आरशावर नजर ठेवा, चारही इंडिकेटर लावा, आणि मागे दुसरी गाडी नीट थांबेपर्यंत लावलेले ठेवा. उजवीकडे वळायला दुभाजकापाशी थांबला असाल तर चाकं सरळ ठेवा. चाकं वळवून ठेवली आणि मागून कुणी ठोकलं, तर गाडी थेट समोरच्या वाहतुकीत ढकलली जाते.

डोळ्यांना वळण लावणं: बोलत चालवा

नवशिक्याची नजर पुढच्या बंपरवर खिळलेली असते. ती दहा-पंधरा सेकंद पुढे गेली पाहिजे, म्हणजे ६० च्या वेगात साधारण १७० ते २५० मीटर. तिथून जवळ, मग आरसा, पुन्हा लांब, अशी ती फिरत राहिली पाहिजे. आतला आरसा दर सात-आठ सेकंदांनी, आणि ब्रेक लावण्याआधी प्रत्येक वेळी.

हे अंगवळणी पडायला एक सराव आहे आणि तो मला सगळ्यात परिणामकारक वाटतो. जे दिसतंय आणि त्यातून काय होऊ शकतं, ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची. एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर, एका वेळी दहा मिनिटं. तालुक्याच्या गावातून जाताना ते साधारण असं होईल:

"पुढे रिक्षा, रिकामी आहे. ड्रायव्हर डावीकडे बघतोय, म्हणजे प्रवासी शोधतोय, कुठेही थांबेल. उजवीकडे आरसा, मोकळं. अंतर वाढवतो. डाव्या हाताला एसटी उभी, दार उघडं, माणसं उतरतायत. बसच्या पुढून कुणीतरी येणार. वेग कमी, पाय ब्रेकवर. बसखालून पलीकडचे पाय दिसतायत, पुढच्या चाकाकडे चाललेत. थांबतो. मागे बाइक आहे, तिला ब्रेक लाइट दिसू दे. आल्या, आजी आणि नातू. पुढे उभी कार, आत माणूस, चाक उजवीकडे वळलंय. दार उघडेल किंवा बाहेर निघेल. दाराइतकी जागा सोडतो."

पहिल्या वेळी बोलणं मागे पडतं, दिसून गेल्यावर शब्द सुचतात. काही दिवसांत शब्द आधी येऊ लागतात, म्हणजेच धोका आधी दिसू लागतो. मग बोलायची गरज उरत नाही, डोक्यात आपोआप चालू राहतं.

चौकात आणखी एक काळजी घ्या. समोरच्या काचेच्या दोन्ही कडांना जे खांब असतात, त्यांच्याआड एखादी दुचाकी पूर्ण लपू शकते. वळण्याआधी अंग थोडं पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी बघा. सिग्नल हिरवा झाला तरी लगेच सुटू नका, आधी उजवीकडे, मग डावीकडे बघा. तांबडा होता होता निघालेला कुणीतरी असतोच.

कोण काय करेल

दुचाकीवाला खड्डा, ओली माती किंवा खडी चुकवायला न सांगता उजवीकडे येतो. म्हणून त्याच्याकडे बघू नका, त्याच्या पुढच्या रस्त्याकडे बघा. पुढे खड्डा आहे म्हणजे तो वळणार. त्याला ओलांडताना निदान दीड मीटर सोडा, विशेषतः मागे बाई एका बाजूला पाय सोडून बसली असेल किंवा मध्ये पोर असेल तर.

हायवेला ढाबा, पेट्रोल पंप किंवा दुभाजक फोडून केलेली वाट दिसली की राँग साइडने कुणीतरी येणार हे धरा. दुभाजकाला चिकटून असलेल्या लेनमध्ये तो समोरासमोर येतो. अशा ठिकाणी मी मधल्या लेनमध्ये राहायला सांगतो.

रस्ता ओलांडणारं एक जनावर दिसलं तर दुसरं मागे असतंच. धनगरांचा कळप असेल तर पूर्ण थांबा, हॉर्न वाजवू नका. बिचकलेल्या मेंढ्या उलट गाडीकडेच येतात. कुत्रं आडवं आलं तर सरळ रेषेत जोरात ब्रेक लावा, पण स्टिअरिंग झटकून दुसऱ्या लेनमध्ये जाऊ नका.

आषाढी वारीच्या दिवसांत पालखी मार्गांवर आणि एरवी शिर्डीच्या पायी दिंड्यांत माणसं पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने चालतात. एक दिवा दिसला तरी मागे मोठी रांग असते. तिथे वेग तीसच्या आत.

ओव्हरटेक

दोनपदरी रस्त्यावरचा हिशेब एकदा मांडून बघा. ट्रक ६० ने चाललाय, तुम्ही ८० ने. फरक फक्त २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या मागे २० मीटर, ट्रकची लांबी १२, पुढे गेल्यावर सोडायचे २० आणि तुमची गाडी ४, मिळून ५६ मीटर. त्याला दहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही सव्वादोनशे मीटर जाता, आणि समोरून ८० ने येणारी गाडीही तेवढीच येते. म्हणजे निघताना समोर साडेचारशे मीटर रस्ता पूर्ण मोकळा दिसायला हवा, आणि वर थोडी शिल्लक. एवढा दिसत नसेल तर जायचं नाही. वळण, पुलाचा चढ, झाडीची कमान, कुठेही नाही.

ट्रकच्या अगदी मागे चिकटून डोकावू नका. मागे राहा म्हणजे पुढचं जास्त दिसतं आणि वेग घ्यायला जागा मिळते. पुढची कार ओव्हरटेकला गेली म्हणून तिच्या शेपटीला लागून जाणं सगळ्यात जीवघेणं. तिला परत यायला जागा असते, तुम्हाला नसते.

आता इंडिकेटरचं. ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तेव्हा कुठे त्याचा अर्थ "या, जा पुढे" असा असतो, कुठे "येऊ नका, समोरून गाडी आहे", आणि कधी तो खरोखरच उजवीकडे वळणार असतो. डाव्याचंही तसंच. त्याने आपुलकीने हात करून बोलावलं तरी निर्णय आपल्या डोळ्यांचा. रस्ता स्वतःला दिसला तरच जा. ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना पुढे डावी-उजवीकडे शेताचा रस्ता फुटतो का तेही बघा, कारण ट्रॅक्टर बहुधा इंडिकेटर न देताच वळतो.

घाट

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. हे आजही खरं आहे. उतारावर वेग इंजिनाने धरायचा, ब्रेक फक्त अधूनमधून थोडा घट्ट लावून सोडायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलं की पॅड आणि डिस्क तापतात, करपल्यासारखा वास येतो, आणि मग पेडल दाबूनही पुरेशी पकड मिळत नाही. वास आला तर मोकळ्या, सपाट जागी अर्धा तास थांबा. ऑटोमॅटिक गाडीतही एल, २ किंवा मॅन्युअल मोड त्यासाठीच असतो. घाटापूर्वी तो वापरून बघा.

न्यूट्रल कधीच नाही. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकलेले, ब्रेक तापलेले ट्रक तिथे पुन्हापुन्हा पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळले आहेत. अशा उतारावर दुसऱ्याचा न्यूट्रलही आपण धरून चालायचा. आरशात मोठी गाडी वेगात वाढताना दिसली की तिच्या पुढची लेन सोडा, आणि दोन अवजड गाड्यांच्या मध्ये उतरत राहू नका.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ही रीत आहे आणि २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांतही ती आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. आंधळ्या वळणावर एक लांब हॉर्न द्या, मग खिडकी थोडी खाली घेऊन ऐका. मोठ्या वळणावर एसटी तुमच्या अर्ध्या बाजूत येणार, कारण तिला तेवढी जागा लागतेच. वळणाच्या आधीच डावीकडे राहा.

ब्रेक खरंच गेले, तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा, झटक्यात नाही, आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवा. दरीपेक्षा दगड परवडला.

पाऊस आणि धुकं

पहिल्या पावसाचा दिवस फसवा असतो. उन्हाळाभर साचलेलं तेल, धूळ आणि रबर पाण्यात मिसळून रस्ता निसरडा होतो, नंतरच्या मुसळधार पावसापेक्षाही जास्त. त्या दिवशी सगळं सावकाश करा.

साचलेल्या पाण्यावर वेगात गेलात तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी ब्रेक नाही, वळवणं नाही. पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा, पकड परत येते. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत एरवी जोरात ब्रेक लावताना पायाखाली थरथर जाणवली तर घाबरून सोडू नका. दाबून धरा आणि गाडी वळवा. एबीएस वळवता यावं म्हणूनच असतं.

पावसात किंवा धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालणं बंद करा. तुम्ही वळणार आहात की सरळ, उभे आहात की चालताय, मागच्याला काहीच कळत नाही. लो बीम आणि असतील तर फॉग लाइट पुरेसे. लोणावळा, आंबोलीच्या धुक्यात हाय बीम लावलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चला. दिसेनासंच झालं तर रस्ता सोडून पूर्ण आत थांबा, कडेला अर्धवट नाही.

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबा किंवा परत फिरा. गुडघ्याइतकं वाहतं पाणीही छोटी गाडी ढकलून नेऊ शकतं, आणि खालचा पूल शाबूत आहे की नाही हे वरून दिसत नाही. पुढची जीप गेली हे कारण पुरेसं नाही.

रात्र, आणि उसाची ट्रॉली

लो बीमचा उजेड साधारण ४० ते ५० मीटर पोचतो. वर दिलेला आकडा आठवा: ६० ला थांबायला ४५ मीटर लागतात. म्हणजे लो बीमवर ६० च्या पुढे गेलात की दिसेल तिथपर्यंत थांबता येत नाही. हेच मला या सगळ्या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण गळीत हंगामात सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर भागात रात्री गाडी चालवणाऱ्यासमोर काय असतं ते मला ठाऊक आहे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही उसाने वाकलेल्या, वेग पंधरा-वीस. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तरी उसाच्या पाल्याने झाकलेला. अंधारात तो करडा, मातकट आकार रस्त्यापासून वेगळा दिसतच नाही. कडेला बाहेर आलेली टिपरं काचेच्या उंचीवर असतात.

यासाठी चार गोष्टी करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कारखाना भागात रात्री ५० ते ६० च्या वर जाऊ नका. समोर कुणी नसेल तेव्हा हाय बीम जरूर वापरा, आणि गाडी दिसताच डिपर द्या, म्हणजे लो बीमवर या. रस्त्यावर सांडलेला ऊस, पाला किंवा चाकांची ताजी माती दिसली म्हणजे ट्रॉली पुढेच आहे. आणि समोरून येणाऱ्याच्या उजेडात क्षणभर काही आकार काळा उठून दिसला, तर तो आहेच असं समजून पाय उचला. समोरचा डिपर देत नसेल तर त्याच्या लाइटकडे न बघता डावी कड बघा आणि वेग कमी करा. आपणही हाय बीम मारून दोघांनी आंधळं व्हायचं नाही.

रस्त्यात हिरव्या पाल्याची फांदी पडलेली दिसली तर पुढे बंद पडलेला ट्रक आहे असं धरा. त्याच्या मागे लावलेले दगड ट्रक गेल्यावरही तिथेच राहतात, तेही डोळ्यांत तेल घालून बघा. कडेला थांबवून ठेवलेली मोठी गाडी अर्धी रस्त्यावर असते, हे रात्रीसाठी कायमचं गृहीतक.

एक्स्प्रेसवे आणि झोप

मुंबई–पुणे एक्स्प्रेसवेवर कारला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. डावी लेन अवजड गाड्यांची, उजवी ओव्हरटेकची. उजव्या लेनमध्ये मुक्काम करू नका, आणि डावीकडून ओव्हरटेक करू नका. बोगद्यात शिरताना गॉगल काढा, डोळे सरावायला वेळ लागतो.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरळ आणि एकसुरी. तिथे खरा धोका झोपेचा. पहाटे दोन ते पाच आणि जेवणानंतर दुपारी दोन ते चार, या वेळा टाळता आल्या तर टाळा. गेले दोन-तीन किलोमीटर कसे आले हे आठवत नसेल, गाडी पट्ट्यावरून घसरत असेल, सारखी जांभई येत असेल, तर तुम्ही आधीच डुलकीच्या तोंडावर आहात. काच खाली घेणं, गाणी मोठी करणं, चणे खाणं यांनी झोप जात नाही. सुरक्षित जागी थांबून चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. चहाचा असर जाग येता येता सुरू होतो. दर दोन तासांनी उतरा. रात्रभर नोकरी करून किंवा लग्न उरकून लगेच निघू नका.

फोनचं एकच सांगतो: ८० च्या वेगात दोन सेकंद खाली बघितलंत की ४५ मीटर डोळे मिटून गेलात. मॅप निघण्याआधी लावा, बदलायचा असेल तर शेजारच्याला द्या.

गाडी बंद पडली किंवा पुढे अपघात दिसला

चारही इंडिकेटर लावा, गाडी जमेल तितकी डावीकडे घ्या. माणसं डाव्या दरवाजाने उतरवून कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या थोडं मागच्या बाजूला उभी करा. गाडीपाशी रस्त्यावर उभं राहून बॉनेट-डिकी बघत बसू नका. लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे, एक्स्प्रेसवेवर त्याहून बराच मागे, आणि तिथवर कठड्याच्या बाहेरच्या बाजूने, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, चालत जा. रस्त्यावर उतरून टायर बदलणं सुरक्षित नसेल तर बदलू नका, मदत बोलवा. ११२ सगळीकडे चालतो, रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

दुसऱ्याच्या अपघातापाशी थांबताना आधी स्वतःची गाडी सुरक्षित लावा, मग मदतीला जा. पोलिसांच्या चौकशीला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम १३४ अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि तुमचं नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. आग किंवा दुसरी गाडी येण्याचा धोका नसेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका, मान हलवू नका, दुचाकीस्वाराचं हेल्मेट खेचून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा, आणि दर मिनिटाला उचलून बघत बसू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत दाब सोडू नका.